पंखाची घडी

फोटो काढण्याचा छंद असलेल्या माणसाचे समाजात एरवी बरे चालते. लग्नामुंजीला त्याला अगत्याचे बोलावणे असते, बारशाला त्याची वाट पाहिली जाते आणि सहलीत त्याचे सामान दुसरे कोणी तरी उचलते. पण याच माणसाने एकदा "मी जुन्या लढाऊ विमानांचे फोटो काढतो" असे सांगून पाहावे. समोरचा आधी कौतुकाने विचारतो, "उडताना?" आपण म्हणतो, "छे, उभी असलेली." मग तो जरा थांबतो आणि आपली समजूत घालावी अशा स्वरात म्हणतो, "अहो, पण मग त्यात काढायचे ते काय?"

हा प्रश्न आमच्या घरातही अधूनमधून निघतो. जे विमान गेली चाळीस वर्षे जागचे हललेले नाही ते आणखी दोन महिन्यांनीही तिथेच सापडेल, तेव्हा त्याच्यापायी ऐन सणाच्या दिवसांत घराबाहेर पडण्याचे कारण नाही, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. मत बिनतोड आहे. पण छंद आणि बिनतोड मते यांचे कधी जमले आहे?

खरे सांगायचे तर उडत्या विमानाचा फोटो अर्धा विमानच काढून देते. वेग असतो, आवाज असतो, आभाळ असते. आपण बटण वेळेवर दाबले की झाले. उभे विमान मात्र काही म्हणजे काही मदत करीत नाही. पोटाखाली टेकू, चाकांपुढे ठोकळे, शेजारी माहितीचा फलक आणि फलकाला टेकून शेंगदाणे खाणारे एक कुटुंब! पाहुण्यांपुढे मुकाट बसवलेल्या आजोबांसारखी त्याची अवस्था असते. त्याला बोलते करायचे तर कुठल्या बाजूने जाऊन काय विचारायचे, हे ठाऊक असावे लागते.

आम्ही राहतो शहापूरला. आमचा तालुका मुंबईकरांना ठाऊक आहे तो त्यांच्या नळातून. तानसा आणि भातसा ही आमचीच धरणे. इथे आभाळात विमान दिसले नाही असा दिवस जात नाही. पण ते दिसते नखाएवढे आणि तेही पोटाकडून. जवळून पाहायचे तर घर सोडावे लागते. कसारा घाट चढून, नाशिक ओलांडून गेले की ओझर लागते. तिथल्या कारखान्याची उभारणी १९६४ साली झाली ती मिग-२१ विमानांसाठी. तेच मिग-२१ आपल्या हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला समारंभाने निवृत्त झाले. उलट दिशेने मुंबईला गेले तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात 'मारुत' उभे आहे. कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याच्या देखरेखीखाली आपल्या देशात विकसित झालेले हे पहिले जेट लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. मुलांना घेऊन तारे आणि आरसे पाहायला गेलेल्या कितीतरी आईबापांनी त्याच्यासमोर फोटो काढून घेतले असतील, आणि नंतर "हे कुठले हो विमान?" असे एकमेकांना विचारलेही असेल.

पण धावपट्टीच्या शेजारी उभे असलेले जुने जेट पाहण्यात जी मौज आहे ती चौकातल्या किंवा बागेतल्या विमानात नाही. त्यासाठी गोव्याला जावे. दाबोळीच्या विमानतळाला लागून बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय आहे. १९९८ साली ते सुरू झाले. गोव्याला गेलेले लोक समुद्रकिनारे, देवळे आणि काजूची दुकाने पाहून परततात. विमानतळावर उतरूनसुद्धा हाकेच्या अंतरावरच्या या अंगणात शिरत नाहीत.

दाबोळीची ती धावपट्टी पोर्तुगीजांनी बांधलेली. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवामुक्तीच्या लढाईत आपल्या कॅनबेरा विमानांनी तिच्यावर बॉम्ब टाकले. पुढे हा तळ नौदलाकडे आला, आणि १९६४ साली 'हंसा' हे नौदलाचे विमानकेंद्र दक्षिणेतून येथे हलले. ज्या तळावरून ही विमाने उडत होती त्याच तळाच्या कुशीत ती आता बसली आहेत. निवृत्त माणसाने कचेरीच्या समोरच घर बांधावे तसे हे झाले आहे. मधूनच पलीकडून एखादे विमान गर्जत उठते आणि अंगणातली ही सारी म्हातारी मंडळी ते ऐकत असल्यासारखी वाटतात.

मंडळी तरी किती तऱ्हेची! १९५३ साली नौदलाच्या हवाई शाखेचा श्रीगणेशा ज्याने केला ते पाण्यावरही उतरणारे सीलँड इथे आहे. दोन शेपट्यांचे व्हँपायर आहे. जेट असूनही त्याच्या वैमानिकाच्या बसण्याचा भाग चक्क लाकडाचा, प्लायवूड आणि बाल्सा यांचे थर चिकटवून केलेला. तीन शेपट्यांचे लांबलचक सुपर कॉन्स्टेलेशन आहे. ते आधी एअर इंडियाचे प्रवासी विमान होते. तेव्हा त्याचे नाव होते 'रानी ऑफ एलोरा', म्हणजे आपल्या वेरुळची राणी! पुढे हवाई दल, मग नौदल अशी नोकरी करून ती राणी इथे विसावली. जागच्या जागी सरळ खाली उतरणारे सी हॅरिअर आहे. १९८३ च्या डिसेंबरात ही विमाने दाबोळीला आली आणि ११ मे २०१६ रोजी येथेच त्यांना निरोप दिला गेला.

आणि आहे सी हॉक. आजची हकिकत आहे ती त्याची.

सी हॉक हे आपल्या नौदलाचे पहिले लढाऊ जेट. 'पांढरे वाघ' म्हणून ओळखली जाणारी ३०० क्रमांकाची स्क्वाड्रन या विमानांसाठी १९६० साली ब्रिटनमध्ये उभी राहिली. पुढच्या वर्षी विक्रांत ही विमानवाहू नौका आपल्या ताफ्यात आली आणि १८ मे १९६१ रोजी तिच्या डेकवर पहिले जेट उतरले. ते उतरवणारे लेफ्टनंट ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. दिसायला हे विमान मोठे देखणे. सडपातळ बांधा, गोल नाक, आणि कुठेही उगाच कोन काढलेला नाही. त्यामुळे येणारा प्रत्येक जण त्याच्या नाकासमोर उभा राहतो, मोबाइल उंच धरतो आणि पुढे सरकतो.

या खेपेला मी निघालो तेव्हा माझ्या खिशात एक चिठ्ठी होती. ती दिली होती तात्यांनी.

तात्या मुरबाड तालुक्यातले. वय ऐंशीच्या घरात. तरुणपणी नौदलात एअर मेकॅनिक होते, नोकरी संपल्यावर काही वर्षे कल्याणकडच्या एका कारखान्यात काढली आणि मग गावी येऊन भातशेती पाहू लागले. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे ते आजोबा. मला विमानांचे वेड आहे हे त्यांना त्या मुलाकडून कळले आणि त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. मी माझे काही फोटो नेले होते. काचबिंदूने त्यांची एक नजर गेलेली, दुसरी अधू. भिंग लावून त्यांनी एकेक फोटो पाहिला आणि शेवटी म्हणाले,

"मास्तर, फोटो झकास आहेत. पण नाक सगळेच काढतात हो. आमचे काम नाकाशी नव्हते."

"मग कुठे होते?"

त्यांनी आपला उजवा हात आडवा पसरला आणि कोपरातून वर दुमडला. "इथे," ते कोपरावर बोट ठेवून म्हणाले, "पंखाच्या घडीशी."

जहाजावरच्या विमानाचे पंख मिटावे लागतात, कारण जहाजाच्या पोटातली जागा थोडी. सी हॉकचे पंख उघडले की या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे १२ मीटर भरतात. मिटले की जेमतेम ४ मीटर. मिटलेल्या पंखांनी विमान लिफ्टमधून डेकवर यायचे आणि तिथे पंख पसरायचे. पसरल्यावर सांध्यातले कुलूप नीट बसले आहे की नाही, हे पाहणे तात्यांकडे होते. पाहायचे, हात लावून खात्री करायची आणि अंगठा वर करायचा. तो अंगठा वर झाल्यावाचून विमान कॅटपल्टकडे जायचे नाही. वाफेच्या दट्ट्याने विमान काही सेकंदांत डेकवरून भिरकावले जाते. त्या क्षणी पंखाचे कुलूप अर्धवट असले तर पुढे काय होईल, ते सांगायला नको.

तात्यांनी चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहवून दिल्या. पहिली, पंखाचा सांधा, खालच्या बाजूने. ऊन समोरून नको, आडवे हवे, म्हणजे फट उठून दिसेल. दुसरी, धूर बाहेर पडण्याचे तोंड, बाजूने. तिसरी, शेपटीखालचा हुक. आणि शेवटी, विमानाचा नंबर न विसरता लिहून आणायचा.

शहापूरहून लोकलने ठाण्याला, तिथे कोकण रेल्वेची गाडी धरून मडगावला आणि पुढे बसने, असे आम्ही उभयता गोव्याला पोहोचलो. पाऊस नुकताच सरला होता. गवत ओले होते आणि अंगणातल्या तांबड्या मातीने चपला माखत होत्या. अशा संग्रहालयात फोटो काढणाऱ्याची मुख्य अडचण उन्हाची असते. भल्या सकाळचे कोवळे ऊन काही आपल्या वाट्याला येत नाही. फाटक उघडेपर्यंत सूर्य वर आलेला असतो, विमानाची पाठ चकाकते आणि पोटाखाली काळोख होतो. फिकट रंगाचे विमान आणि पांढरे आभाळ एकत्र आले की कॅमेऱ्यातला प्रकाशमापकही गोंधळतो आणि सगळेच मळकट करून टाकतो. तेव्हा थोडा प्रकाश आपण होऊन वाढवावा लागतो. मोबाइलवाल्यांनी आणखी एक पथ्य पाळावे: जवळ जाऊन काढू नये. जवळून काढले की विमानाचे नाक सोंडेसारखे पुढे येते आणि पंख आखूड होतात. दहा-बारा पावले मागे जावे आणि तिथून दृश्य जवळ ओढून घ्यावे, म्हणजे विमान विमानासारखे दिसते. आणि सर्वांत महत्त्वाचे पथ्य म्हणजे कॅमेरा कुंपणापलीकडे वळवायचा नाही. पलीकडे नौदलाचा जागता तळ आहे, तो काही आपला विषय नव्हे.

सांध्याच्या फोटोला मात्र यातले काहीच लागू पडेना. तिथे जवळच जायला हवे होते, आणि आडव्या उन्हासाठी दुपार कलेपर्यंत थांबायला हवे होते. सौभाग्यवती वेरुळच्या राणीच्या सावलीत वर्तमानपत्र पसरून बसल्या. मी तेवढ्यात दुसरा फोटो उरकून घेतला. आणि तात्यांनी तो का मागितला, हे बाजूला उभे राहिल्यावर ध्यानात आले. जेट विमानाचे धुराडे शेपटीच्या टोकाला असायचे अशी आपली समजूत असते. सी हॉकच्या शेपटीला ते नाहीच! इंजिन मध्यावर, हवा आत घेणारी तोंडे पंखांच्या मुळाशी पुढे, आणि जळालेला वायू बाहेर टाकणारी तोंडे त्याच पंखांच्या मुळाशी मागे, दोन्ही बाजूंना एकेक. त्यामुळे शेपटीकडची जागा रिकामी राहिली आणि तिथे इंधनाची टाकी बसवता आली. ही सारी हुशारी नाकासमोर उभे राहून दिसत नाही.

चारच्या सुमारास ऊन उतरले. मी गवतावर गुडघे टेकले आणि पंखाखाली शिरलो. जी रेघ एरवी रंगाखाली झाकल्यासारखी वाटत होती ती तिरप्या उजेडात सावली धरून उभी राहिली. रेघ, तिच्या कडेचे रिव्हेट, सांध्याची जाड कड. एका लहान मुलाने वाकून विचारले, "काका, काही पडले का तुमचे?" मी म्हटले, "नाही रे, पंख कुठे दुमडतो ते पाहतोय." तोही वाकला. मग त्याचे वडील वाकले. थोड्या वेळाने चार-पाच माणसे त्या पंखाखाली मान वर करून उभी होती आणि नाकासमोर कोणीच नव्हते.

घरी आल्यावर फोटो मोठे छापून घेतले, भिंतीवरच्या कॅलेंडराएवढे, आणि एका रविवारी किन्हवली-सरळगाव रस्त्याने तात्यांचे घर गाठले. भात कापणीला आले होते आणि साऱ्या शिवाराला त्याचा वास येत होता. तात्यांनी आधी नंबर विचारला. मी सांगितला. ते जरा वेळ गप्प राहिले.

"आमच्या हाताखालचा नाही हा," ते म्हणाले, "पण घडी तीच."

मग फोटो मांडीवर घेऊन ते त्या रेघेवरून बोट फिरवू लागले. अधू नजरेला काय दिसत होते देव जाणे, पण बोट चुकत नव्हते. नातू शेजारी उभा होता. आजोबा नेव्हीत होते एवढेच त्याला आजवर ठाऊक. त्याने सहज विचारले, "आजोबा, आणि कुलूप बसलेच नाही तर?"

"तर अंगठा खाली."

"मग?"

"मग काय? विमान बाजूला घ्यायचे. एकदा घेतले होते."

आणि तात्यांनी ती गोष्ट सांगितली. सराव चालू होता. जहाज वाऱ्याच्या तोंडाला वळवलेले, मागे विमानांची रांग लागलेली, आणि यांना एका कुलपाची शंका आली. अंगठा खाली केला. वैमानिक आतून हातवारे करू लागला, डेकवरचे अधिकारी ओरडू लागले. यांचा अंगठा खालीच. विमान खाली नेऊन उघडले तर पिन पुरती बसलेली नव्हती. संध्याकाळी तो वैमानिक स्वतः हँगरमध्ये आला. बोलला काहीच नाही. हातातला चहाचा मग यांच्यापुढे ठेवला आणि निघून गेला.

घरात कोणीच काही बोलेना. सून ओसरीच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "मामंजी, हे तुम्ही कधी सांगितले नाहीत ते!"

"विचारले कुणी?" तात्या म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती.

१९७१ च्या डिसेंबरातही ते विक्रांतवर होते. जहाजाच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला, त्यामुळे वेग कमी, आणि बंगालच्या उपसागरात वारा पडलेला. डेकवरून विमान उचलायचे तर समोरून वारा हवा, आणि तो तर जहाजाच्या वेगातूनच मिळवायचा. तशाही स्थितीत ४ डिसेंबरला सी हॉक उडाली आणि कॉक्स बझार व चितगाव येथे त्यांनी हल्ले केले. इतिहासात ते वैमानिक आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण त्या दिवशी एकेका पंखाखाली कुणी तरी वाकला होता आणि त्याने अंगठा वर केला होता, हे कुठल्या फलकावर लिहायचे?

मला राहून राहून वाटते ते असे. विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षे ती संग्रहालय म्हणून उभी होती. या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांनी मुलाबाळांसह ती पाहिली असेल. २०१४ साली तिची मोडतोड झाली, आणि तिचे काही पोलाद पुढे मोटारसायकलींसाठी वापरले गेले. नाव राहिले, २ सप्टेंबर २०२२ पासून ते नव्या जहाजावर आहे. विमानांचे त्यामानाने बरे झाले, त्यांना अंगण मिळाले. तरी खारा वारा ॲल्युमिनियमला सोडीत नाही. रंगाखाली पांढरी पूड धरते आणि पत्रा आतून पोकळ होत जातो. पत्र्याला पुन्हा रंग देता येतो. पण अमुक रेघेपाशी ऊन आडवे असताना पाहा, असे सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशी ओलांडून बसली आहेत, कुणी मुरबाडला, कुणी सातारा-कोल्हापूरकडे, कुणी तुमच्याच चाळीच्या किंवा सोसायटीच्या तळमजल्यावर. त्यांना फारसे काही नको असते. विमानाचा फोटो काढायला जाण्याआधी कुणी तरी येऊन "कुठे उभा राहू?" एवढे विचारले तरी पुरे.

तात्यांनी पुढच्या खेपेची यादी देऊन ठेवली आहे. त्याच अंगणात अलिझे हे पाणबुड्या शोधणारे विमान आहे. त्याच्या पंखांवर चाके पोटात घेणारे फुगीर कप्पे आहेत, ते पुढून आणि खालून असे दोन्ही बाजूंनी हवे आहेत. "आणि हुकाचा फोटो जरा हललाय," असेही त्यांनी बजावले आहे. नातू बरोबर येणार आहे. त्याच्या गाडीभाड्याचे पैसे आजोबांनी आधीच माझ्या हातावर ठेवले आहेत.